आयर्लंडमधले मौजे शोधताना : स्थलांतरित आयरिश घराण्याच्या वंशशोधाची रीत

परदेशात स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत आता आयरिश वंशाचे जावई आणि सुना आहेत. नातवंडांसाठी वंशावळ मांडायला घेतली की कागदाची एक बाजू कुलवृत्तांताच्या आधाराने सात-आठ पिढ्या मागे जाते, आणि दुसरी बाजू ‘पणजोबांचे वडील दुष्काळात आयर्लंडहून आले’ या एका वाक्यापाशी थांबते. ही दुसरी बाजू पुढे कशी न्यावी, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांची आहेत, कारण १८४५ ते १८५२ या महादुष्काळाच्या काळात देश सोडणाऱ्या दहा लाखांहून अधिक लोकांपैकी बहुसंख्य शेवटी तिकडेच पोहोचले. परंतु ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा इंग्लंडमधील घराण्यांसाठीही रीत हीच आहे.

या शोधात नेमके काय मिळवायचे आहे, हे आधी पक्के ठरवावे. आयर्लंडमधील जुने दस्तऐवज व्यक्तींच्या नावांनुसार नव्हे तर स्थळांनुसार रचलेले आहेत, आणि तिथले सर्वांत लहान स्थळ म्हणजे ‘टाउनलँड’. आपल्याकडील महसुली मौजे डोळ्यांसमोर आणले तर ही कल्पना लगेच समजते: ठरलेल्या सीमा, स्वतःचे नाव, आणि कधी पाच तर कधी पन्नास घरे. अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँड, त्यांवर सुमारे अडीच हजार मुलकी पॅरिश (‘पॅरिश’ म्हणजे मुळात एका चर्चच्या अखत्यारीतला टापू), त्यांवर बॅरनी आणि त्यांवर ३२ काउंटी अशी ही उतरंड आहे. कॅथलिक चर्चच्या पॅरिशच्या सीमा मुलकी पॅरिशशी बहुधा जुळत नाहीत, जन्ममृत्यू नोंदणीचे जिल्हे तर गरीब-कायद्याच्या ‘युनियन’नुसार, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी पाडलेल्या विभागांनुसार, आखलेले आहेत आणि ते काउंटीच्या सीमा बिनदिक्कत ओलांडतात. ‘आमचे लोक काउंटी कॉर्कचे’ एवढीच माहिती हाती असेल तर ती ‘आमचे लोक सातारा जिल्ह्याचे’ म्हणण्याइतकीच उपयोगाची असते. काउंटीच्या पातळीवर पॅट्रिक केली किंवा मेरी मर्फी यांच्या शेकडो नोंदी निघतात आणि त्यांतली आपली कोणती, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. म्हणून मौजाचे नाव, निदान पॅरिशचे नाव, हाती येईपर्यंत आयरिश कागदांना हात लावू नये असे माझे ठाम मत आहे.

गाव अमेरिकेतच सापडते

सुरुवात घरातून करावी. प्रार्थनापुस्तकांत ठेवलेली मृत्यूची स्मरणपत्रे, जुनी पाकिटे, छायाचित्रांच्या पाठीवरील स्टुडिओचे शिक्के आणि बायबलच्या पहिल्या पानावरील जन्मनोंदी आधी गोळा कराव्यात. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला प्रश्न विचारताना ‘गाव कोणते?’ एवढ्यावर थांबू नये. लग्नाला कोण कोण आले होते, कोणत्या शहरात कोणाकडे उन्हाळ्याच्या सुटीत जात असू, शेजारी कोण होते, हेही विचारावे. आयरिश माणूस सहसा एकटा स्थलांतरित झाला नाही. आधी थोरली बहीण गेली, तिने तिकिटाचे पैसे पाठवले, मग भाऊ गेला, मग चुलत भाऊ, आणि ते सारे एकाच गल्लीत राहिले. काउंटी कॉर्कच्या पश्चिम टोकाला बेअरा द्वीपकल्पात अलिहीज येथे एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या खाणी होत्या. त्या खाणींतले कामगार आणि त्यांचे आप्त मोठ्या संख्येने मोंटाना राज्यातील ब्यूट या तांब्याच्याच गावी गेले. म्हणून ब्यूटमध्ये सलिव्हन नवरा आणि हॅरिंग्टन बायको असे जोडपे आढळले, तर शोध बेअराकडून सुरू करणे शहाणपणाचे ठरते. एकटे सलिव्हन हे आडनाव काहीच सांगत नाही, पण दोन आडनावे, एक धंदा आणि एक वसाहत यांची जुळणी पुष्कळ सांगून जाते.

यानंतर अमेरिकेच्या जनगणनेच्या नोंदी अलीकडून पलीकडे, पिढीमागून पिढी, तपासत जावे. १८५० पासून घरातील प्रत्येकाचे नाव आहे. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईवडिलांचा जन्मदेश आहे. १९०० च्या गणनेत जन्माचा महिना व वर्ष आणि देशात आल्याचे वर्षही आहे. १८९० ची गणना १९२१ मधील आगीनंतर जवळजवळ पूर्ण नष्ट झाली, त्यामुळे तिथली वीस वर्षांची दरी शहरांच्या वार्षिक निर्देशिकांनी भरून काढावी लागते. जन्मस्थानाच्या रकान्यात मात्र बहुधा ‘आयर्लंड’ एवढेच असते. जहाजांच्या प्रवासी याद्यांचेही तसेच आहे: १८२० पासूनच्या जुन्या याद्यांत देशापलीकडे फारसे काही मिळत नाही, परंतु १९०७ पासूनच्या याद्यांत मायदेशी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता यांसाठी स्वतंत्र रकाना आहे आणि तो सोन्याच्या मोलाचा आहे. नागरिकत्वाच्या कागदांतही असाच फरक पडतो. सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मगाव व जहाज यांची नोंद सापडते, त्याआधीचे अर्ज स्थानिक न्यायालयांत होत आणि ते त्रोटक असतात. १९२२ पूर्वी विवाहित स्त्रीचे नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वाबरोबर ठरत असे, त्यामुळे पणजीच्या नावाचा अर्ज सापडला नाही म्हणून गोंधळून जाऊ नये.

गावाचे नाव ज्या कागदांत खरोखर मिळते ते कागद थोडे आडबाजूला आहेत. कॅथलिक चर्चची विवाहनोंद सरकारी नोंदीपेक्षा अधिक बोलकी असते, कारण काही पाद्री वधूवरांचे आयर्लंडमधील पॅरिश लिहून ठेवत. न्यूयॉर्कमध्ये १८५० साली आयरिश स्थलांतरितांसाठी स्थापन झालेल्या एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँकेने खातेदाराची ओळख पटवण्यासाठी त्याचे जन्मस्थान, आईवडिलांची व भावंडांची नावे आणि कधीकधी जहाजाचे नावही वहीत टिपून घेतले होते. त्या वह्या आज संशोधकांना उपलब्ध आहेत. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या आप्तांचा शोध घेणाऱ्या जाहिराती येत, आणि त्यांत अमुक गावचा, अमुक साली निघालेला भाऊ कोठे आहे, असे विचारलेले असे. या जाहिराती आता संगणकावर शोधता येतात, आणि आपल्या घराण्याची जाहिरात नसली तरी त्या वाचाव्यात, कारण ते लोक काय सोडून आले होते हे दुसऱ्या कोणत्याही कागदावरून इतके समजत नाही. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली, थडग्यांवरील मजकूर आणि स्थानिक वृत्तपत्रांतील मृत्युलेखही पाहावेत. स्वतःच्या पूर्वजाचे गाव मिळाले नाही तर त्याच्या प्रत्येक भावंडाचा मृत्युलेख शोधावा. अनेकदा धाकट्या, अविवाहित बहिणीच्या मृत्युलेखातच गावाचे नाव लिहिलेले सापडते.

ॲनी मूरचा धडा

घाईने केलेला शोध कुठे नेतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्क बंदरातील खुद्द एलिस बेटावरचे आहे. १ जानेवारी १८९२ रोजी हे स्थलांतरकेंद्र उघडले, तेव्हा पहिले नाव नोंदले गेले ते काउंटी कॉर्कच्या ॲनी मूर या मुलीचे. ‘नेव्हाडा’ जहाजाने ती क्वीन्सटाउन बंदरातून अँथनी आणि फिलिप या दोन धाकट्या भावांसह आली होती. पुढे कित्येक दशके असे मानले जात होते की ती टेक्सासला गेली आणि १९२३ मध्ये तिथे एका अपघातात वारली. त्या घराण्यातील लोकांना समारंभांना बोलावलेही जात असे. परंतु मेगन स्मोलेनियाक या वंशसंशोधिकेने जनगणना तपासली, तेव्हा टेक्सासची ॲनी मूर आयर्लंडची नव्हेच, ती इलिनॉय राज्यात जन्मलेली होती, असे दिसून आले. खऱ्या ॲनीचा माग लागला तो तिचा भाऊ फिलिप याच्या नागरिकत्वाच्या कागदापासून. ती न्यूयॉर्क सोडून कुठेच गेली नव्हती. मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत तिचा संसार झाला, १९२४ मध्ये ती वारली आणि क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. २००६ मध्ये हा शोध लागला आणि २००८ मध्ये तो दगड बसवण्यात आला.

नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही, हे या उदाहरणात दिसतेच. पण भावंडांच्या वाटेने जाण्याची रीतही त्यातच आहे. नाव, वय, आईवडिलांची नावे, भावंडे, धंदा आणि पत्ता यांपैकी निदान तीन गोष्टी स्वतंत्र कागदांवरून जुळल्याशिवाय नोंद वंशावळीत घेऊ नये. इतरांनी संकेतस्थळांवर चढवलेल्या वंशावळी केवळ सूचना म्हणून वाचाव्यात. आणि एलिस बेटावरील कारकुनांनी आडनावे बदलली ही समजूतही सोडून द्यावी, कारण याद्या निघण्याच्या बंदरावर तयार होत आणि इथले अधिकारी त्यांवरून नावे पडताळत. आडनावांचे स्पेलिंग बदलले ते शाळेत, कारखान्यात, चर्चमध्ये, आणि पुष्कळदा त्याहून खूप आधी आयर्लंडमध्येच.

आडनाव काय सांगते

मराठी वाचकाला येथे एक सवय बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव गावाकडे बोट दाखवते. गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या मूळ भाषेतले, आडनाव गावाकडे नव्हे, पूर्वजाकडे बोट दाखवते. दहाव्या-अकराव्या शतकापासून रूढ झालेल्या या पद्धतीत ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ओब्रायन म्हणजे ब्रायनचा वंशज. स्त्रियांच्या गेलिक नावात ‘ओ’च्या जागी ‘नी’ आणि ‘मॅक’च्या जागी ‘निक’ येते, म्हणून गेलिक भाषेतल्या कागदात बहीणभावांची आडनावे वेगळी दिसली तरी ती एकच असतात. ‘मॅक’ (Mac) आणि ‘मक’ (Mc) या दोन स्पेलिंगांवरून एक आयरिश व दुसरा स्कॉटिश असा भेद सांगितला जातो, तो निराधार आहे. दुसरे रूप हे पहिल्याचे लघुरूप आहे, इतकेच.

सगळीच आडनावे गेलिक मात्र नाहीत. फिट्झजेराल्ड, बर्क, पॉवर, जॉइस ही बाराव्या शतकात आलेल्या नॉर्मन सरदारांबरोबरची आहेत. वॉल्श म्हणजे वेल्सहून आलेला. अल्स्टर या उत्तरेकडील प्रांतात सतराव्या शतकाच्या आरंभी झालेल्या वसाहतीमुळे असंख्य स्कॉटिश व इंग्रजी आडनावे रुजली. खरी गुंतागुंत इंग्रजीकरणाने झाली. काही आडनावे ध्वनीनुसार लिहिली गेली, काहींचे चक्क भाषांतर झाले: ‘गावन’ म्हणजे लोहार, म्हणून ‘माक गावन’चा कुठे मॅकगोवन झाला तर कुठे स्मिथ, ‘माक अन टीर’ म्हणजे सुताराचा मुलगा, त्याचे मॅकिंटायर झाले आणि कारपेंटरही झाले. त्यामुळे काउंटी कॅव्हनमधला स्मिथ मूळचा इंग्रज असेलच असे नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत अनेकांनी ‘ओ’ टाकून दिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक पुनरुज्जीवनाच्या काळात काहींनी तो पुन्हा लावला. म्हणून एकाच घरातील वडील सलिव्हन आणि मुलगा ओसलिव्हन असू शकतो, आणि शोध घेताना दोन्ही रूपे तपासणे भागच असते.

रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० च्या जन्मनोंदींवरून आयरिश आडनावांचा अहवाल तयार केला आणि तो १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मर्फी हे सर्वांत मोठे आडनाव असून त्याखालोखाल केली, सलिव्हन आणि वॉल्श येतात. कोणते आडनाव कोणत्या काउंटीत दाट आहे हे त्यावरून पाहता येते, आणि विरळ आडनाव असेल तर ही माहिती फार उपयोगी पडते. मर्फीच्या बाबतीत ती निरुपयोगी आहे, कारण हे आडनाव एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे तयार झाले. टिपररीत रायन इतके आहेत की शाखा ओळखण्यासाठी आडनावापुढे टोपणनाव जोडत, आणि ती टोपणनावे काही वेळा नोंदवह्यांतही उतरली आहेत. नोंदीत असे अनोळखी जास्तीचे नाव आढळल्यास ते चूक समजून गाळू नये. तीच त्या घराण्याची खरी खूण असते. दुकानांत विकली जाणारी ‘आडनावाची राजचिन्हे’ घेऊ नयेत. चिन्हाचा अधिकार विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वंशजांना दिला जात असे, संपूर्ण आडनावाला कधीच नाही.

व्यक्तिनामांचीही एक सारणी जवळ ठेवावी. ब्रिजेट अमेरिकेत डेलिया होते, होनोरा कधी नोरा तर कधी हॅना होते. गेलिक डिअरमिड कागदावर जेरेमाया किंवा डार्बी होतो आणि टायग हा टिमथी होतो. चर्चच्या लॅटिन नोंदीत जेम्स हा जॅकोबस आणि विल्यम हा गुलिएल्मस असतो.

आयर्लंडमधील कागद, अलीकडून पलीकडे

३० जून १९२२ रोजी आयर्लंडमधील यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात व आगीत भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणना, मृत्युपत्रे आणि प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या अर्ध्याहून अधिक नोंदवह्या त्यात गेल्या. १८६१ ते १८९१ या काळातील गणना तर सरकारी आदेशानेच त्याआधी नष्ट झाल्या होत्या. ही हानी ऐकून अनेक जण शोध सोडून देतात, आणि ते मला फार चुकीचे वाटते, कारण कॅथलिक पॅरिशच्या वह्या आणि जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी त्या इमारतीत नव्हतीच.

गाव हाती आल्यावर १९०१ आणि १९११ च्या जनगणना पाहाव्यात. त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. आपला पूर्वज १८५० मध्येच निघून गेला असला तरी मागे राहिलेल्या भावाचे कुटुंब त्याच मौजात सापडू शकते. १९११ मध्ये विवाहाला किती वर्षे झाली आणि किती मुले जन्मली, किती हयात आहेत, हेही विचारले होते. वयांवर मात्र विसंबू नये: १९०८ च्या कायद्याने सत्तरीनंतर पेन्शन मिळू लागल्यामुळे दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले लोक या दोन गणनांत पुष्कळ आहेत. त्याच पेन्शनने एक उपकारही केला. वयाचा पुरावा म्हणून १८४१ व १८५१ च्या गणनांतील उतारे काढून घेतले गेले, आणि मूळ गणना जळाली तरी उताऱ्यांचे ते अर्ज वाचले. आयरिश स्वतंत्र राज्याच्या (आजच्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या) १९२६ च्या गणनेवरील शंभर वर्षांचे बंधन एप्रिल २०२६ मध्ये संपते.

पुढची पायरी सरकारी नोंदणीची. कॅथलिकेतर विवाह १ एप्रिल १८४५ पासून आणि सर्वांचे जन्म, मृत्यू व विवाह १ जानेवारी १८६४ पासून नोंदले गेले. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या मूळ पानांची चित्रे ‘आयरिश जिनिऑलॉजी’ या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. उत्तर आयर्लंडच्या १९२२ नंतरच्या नोंदींसाठी बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाकडे शुल्क भरावे लागते. जन्मनोंदीत आईचे माहेरचे आडनाव मिळते, विवाहनोंदीत दोन्ही वडिलांची नावे मिळतात, मृत्युनोंदीत आईवडील नसतात. जन्म ४२ दिवसांत नोंदवायचा असे, आणि उशीर झाल्यास दंड टाळण्यासाठी तारीख पुढे ढकलली जाई. त्यामुळे बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला तर बाप्तिस्म्याची तारीख खरी मानावी.

१८६४ च्या पलीकडे कॅथलिक पॅरिशच्या वह्या हाच मुख्य आधार. सुमारे १८८० पर्यंतच्या वह्यांची चित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये विनामूल्य खुली केली. शहरांतील वह्या अठराव्या शतकात सुरू होतात, पश्चिमेकडील गरीब पॅरिशच्या मात्र १८२० नंतर, काही तर त्याहूनही उशिरा. येथे सूचीवर विसंबून न राहता आपल्या पॅरिशची पाने एकेक करून वाचावीत, आणि बाप्तिस्म्याच्या धर्ममातापित्यांची नावे उतरवून घ्यावीत, कारण ते बहुधा काका, मावशी किंवा शेजारी असतात. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, पहिल्या मुलीला आईच्या आईचे नाव ठेवण्याची प्रथा होती. ती नियम नव्हे, पण दोन उमेदवार कुटुंबांत निवड करताना कल दाखवते. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या आणि अल्स्टरच्या इतर घराण्यांनी बेलफास्टचे सार्वजनिक अभिलेखागार आधी गाठावे.

जमिनीचे कागद या सर्वांना पूरक आहेत. ग्रिफिथचे मूल्यमापन (१८४७ ते १८६४) हे करआकारणीसाठीचे सर्वेक्षण प्रत्येक मौजातील घरधारक, जमीनदार, क्षेत्र आणि आकारणी देते आणि नकाशावर त्याचा तुकडाही दाखवते. त्याआधीचे चर्चच्या दशांश कराचे दप्तर (१८२३ ते १८३७) फक्त शेतजमीन कसणाऱ्यांचे आहे. दोन्हींत केवळ कुटुंबप्रमुख येतात, त्यामुळे बायकामुलांची नावे तिथे शोधू नयेत. जळालेल्या अभिलेखागाराच्या प्रती जगभरातून जमवून २०२२ मध्ये सुरू झालेला ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हा प्रकल्पही अवश्य पाहावा.

डीएनए चाचणी कागदाची जागा घेत नाही. सर्वसाधारण चाचणी चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंतचे नातेवाईक दाखवते आणि त्यांच्या वंशावळींतले समान मौजे शोधणे हा तिचा खरा उपयोग आहे. वाय गुणसूत्राची चाचणी आडनावाप्रमाणेच पित्याकडून पुत्राकडे चालते, म्हणून आडनावाचा प्रश्न सोडवायला ती योग्य. हयात नातेवाइकांचा निकाल त्यांच्या परवानगीशिवाय कोणालाही दाखवू नये.

पूर्वज सैनिक असेल तर त्याचे कागद कदाचित मुंबई इलाख्यातले असतील. ईस्ट इंडिया कंपनीने आयर्लंडमधून मोठी भरती केली. तिची जुनी मुंबईची युरोपीय पलटण १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्समध्ये विलीन झाली. मुंबई, पुणे, खडकी येथील चर्चमधील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या ‘एन/३’ या मालिकेत आहेत, आणि ब्रिटिशकालीन भारतातील कुटुंबांसाठी काम करणाऱ्या ‘फिबिस’ संस्थेची सूची त्यासाठी विनामूल्य वापरता येते.

शेवटचा कागद आजच्या माणसांपर्यंत नेतो. ग्रिफिथनंतर प्रत्येक तुकड्याचा ताबेदार बदलला की वहीत जुने नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईने नवे लिहीत आणि शेजारी वर्ष टाकत. या ‘रद्द वह्या’ प्रजासत्ताकासाठी डब्लिनमध्ये पाहाव्या लागतात, उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. वडिलांचे नाव खोडून विधवेचे, मग मुलाचे, मग पुतण्याचे नाव येत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत साखळी पोहोचली, की त्या मौजात आजही कोणी राहते का हे स्थानिक चर्च किंवा काउंटी ग्रंथालयाला पत्र लिहून विचारावे. पत्र एक पानाचे असावे, त्यात मौजाचे, पॅरिशचे व पूर्वजाच्या आईवडिलांचे नाव आणि निघाल्याचे वर्ष असावे, जमिनीबद्दल कोणताही दावा नाही हे स्पष्ट लिहावे, आणि सोबत कुटुंबाच्या जुन्या छायाचित्राची एक प्रत जोडावी.